आमसुलाच्या रंगाची चादर

सर्वांत आधी बिराजदारबाईंचं नाव घेतो. (मागून घेतलं तर मधल्या हशात ते हरवून जाईल अशी मला भीती वाटते. मला कशाचीही भीती वाटते.) बिराजदारबाई नसत्या, तर आमच्या सुमनची शाळा सातवीतच संपली असती, आणि शिक्षण खात्याच्या एका साहेबांची पांढरीशुभ्र पँट भर वर्गात लाल, मग हिरवी, मग पुन्हा लाल करणारा माणूस आज सोलापुरात ताठ मानेनं फिरला नसता. तो माणूस म्हणजे मीच.

मी मूळचा रत्नागिरीकडचा. आमच्या गावचा माणूस घर सोडून निघाला की मुंबईला जातो. वाट चुकला तरी मुंबईलाच पोचतो. मी एकटाच असा चुकलो की थेट सोलापुरात येऊन थांबलो. चौथीत असताना वडील गेले, आणि माझी व शाळेची फारकत झाली. तेव्हापासून शाळेचं फाटक दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. आत गेलो तर कुणीतरी पाढे म्हणायला लावेल असं अजूनही वाटतं.

इथं मी चादरीच्या कारखान्यात लागलो, घडी खात्यात. विणणारे वेगळे, रंगवणारे वेगळे; मी तयार चादरीला घडी घालतो. गावी पत्रात मात्र 'चादरीच्या कारखान्यात आहे' एवढंच कळवलं होतं. त्यावर आईनं गावभर केलं की सोलापूरच्या चादरी म्हणजे आमच्या बाळूच्या हातच्या. सुमनचीही तीच समजूत होती आणि ती मी मोडली नव्हती. बापाला एवढी तरी चैन असावी!

सुमन सहावीतून कशीबशी वर सरकली होती. मुलगी मुकी नव्हती, पण वर्गात बसली की मुकी व्हायची. गुरुजींनी कविता म्हणायला सांगितली की डोळ्यांतून आधी पाणी यायचं, आणि मग कविता यायचीच नाही. तिची आई इथल्याच मंद्रूप गावची. तिचा हिशेब सरळ होता. "सातवीत नापास झाली तर बसंल माझ्याबरुबर विड्या वळत. तुमी चौथी शिकला, तुमचं काय अडलंय का?"

याला उत्तर द्यायला निदान पाचवी तरी व्हायला हवी होती.

अशा वेळी बिराजदारबाई सातवीला वर्गशिक्षिका म्हणून आल्या. उंच आवाजाच्या, भराभर चालणाऱ्या. त्यांनी पालकांची सभा बोलावली आणि सांगून टाकलं, की ही सहामाही सगळ्या विषयांचा अभ्यास एकाच गोष्टीवरून होईल: चादर. मुलं चौकटीवर स्वतः चादर विणतील. धागे मोजतील, ते गणित. कापूस कुठून येतो ते शोधतील, तो भूगोल. विणकर सोलापुरात कधी आणि का आले ते विचारतील, तो इतिहास. गल्लीतल्या म्हाताऱ्यांशी तेलुगूत नाहीतर दखनीत बोलून ते मराठीत लिहून आणतील, ती भाषा. आणि सूत रंगवतील, ते विज्ञान.

सभेत कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या घरी माग होते ते तर चिडलेच. एक गृहस्थ उठून म्हणाले, "बाई, पोरगं विणायला लागू नये म्हणून साळंत घातलंय. विणायचंच असंल तर माग घरी हाय की!"

हेडमास्तर घाम पुसत होते. त्यांनी मधला मार्ग काढला. सहामाही संपताना शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार होते. (त्यांना सगळे 'दिपोटी' म्हणत. खरा हुद्दा काय होता ते मला अजून ठाऊक नाही.) दिपोटींना वर्ग पटला तर चालू राहील, नाही पटला तर दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कविता पाठ आणि पाढे.

पण सुमन बदलायला लागली. शाळेतून आली की शेजारच्या तेलुगू आजीच्या ओट्यावर जाऊन बसायची आणि तिला प्रश्न विचारून विचारून हैराण करायची. ती आजी माझ्याशी कधी चार शब्द बोलली नव्हती. सुमनला तिनं आपल्या सासऱ्याचा माग सोलापुरात कसा आला ते साग्रसंगीत सांगितलं. रात्रीच्या जेवणाला सुमन ते आम्हाला सांगायची, हातवारे करून. बायको भाकरी थापता थापता थांबायची आणि मी जेवता जेवता. माझ्या मनानं तेव्हाच घेतलं, की हा वर्ग चालला तर पोरगी तरली. नाही चालला, तर विड्या.

आता माझा पराक्रम.

बाईंनी वर्गात विचारलं, की सूत रंगवायला कुणाचे पालक मदत करतील? सुमननं हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा! "माझे बाबा चादरीच्या कारखान्यात आहेत." बाईंनी मला बोलावून घेतलं. मी फाटकातून पोटातल्या गोळ्यासकट आत गेलो. 'बाई, मी फक्त घड्या घालतो' हे वाक्य वाटेत घोकून ठेवलं होतं. पण सुमन दारात उभी होती, माझ्याकडे अशी बघत होती की जणू अख्खं सोलापूर माझ्याच चादरी पांघरतं. मी म्हणालो, "बघतो की."

कारखान्यातल्या रंगाऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण मग साऱ्या खात्याला कळलं असतं. शिवाय मी कोकणातला. आम्हाला रंगाचं काय सांगता? लहानपणी रातांबे फोडताना सदऱ्यावर जो डाग पडायचा तो सदरा फाटेपर्यंत जायचा नाही. त्या डागांपायी मी आईच्या हातचा किती मार खाल्ला! त्याहून पक्का रंग जगात असूच शकत नाही.

आणि रातांब्याची वाळवलेली साल, म्हणजे आमसुलं, घरात रग्गड होती. आई दर वर्षी पिशवी भरून पाठवायची. बायको आमटीत चिंच घालणारी. पहिल्या वर्षी तिनं पिशवीत डोकावून विचारलं होतं, "ही काळी चामडी आमटीत घालत्यात व्हय?" तेव्हापासून त्या पिशव्या फळीवर साठत गेल्या होत्या. आता त्यांचं सोनं होणार होतं!

रविवारी मी चुलीवर मोठं पातेलं चढवलं आणि सगळ्या पिशव्या त्यात रिकाम्या करून बाईंनी दिलेलं सूत बुडवलं. गल्लीभर आंबट वास सुटला. शेजारीपाजारी विचारून गेले की कोण आजारी आहे. पण सूत बाहेर निघालं ते असं लालभडक, की बायकोसुद्धा म्हणाली, "रंग लई झ्याक आलाय." मी मिशीवरून हात फिरवला. (मिशी त्या दिवशी जांभळी झाली, ती गोष्ट निराळी.)

सगळ्या लडी दोरीवर वाळत घातल्या. त्यातली एक वाऱ्यानं खाली पडली, ती नेमकी बायकोनं कपड्यांसाठी सोडा कालवलेल्या बादलीत. मी घाईनं बाहेर काढली. लाल लडीचं पार शेवाळं झालं होतं! पिळली तर हातातून हिरवं-निळं पाणी गळायला लागलं. सुमन बाजूलाच उभी होती. ती लडी माझ्या हातातून घेऊन घरात गेली.

बाकीच्या लडी सोमवारी शाळेत गेल्या आणि मुलांनी भराभर विणायला घेतल्या. बाईंना खरं सांगायचं म्हणून मी त्या आठवड्यात पुन्हा पुन्हा शाळेकडे गेलो. फाटक दिसलं की गोळा यायचा आणि पाय आपोआप कारखान्याकडे वळायचे. मग मी मनाची समजूत घातली, की चादर काही दिपोटी धुऊन बघणार नाहीत. पाणी लागलं नाही म्हणजे झालं.

तपासणीचा दिवस उजाडला. मदत केलेल्या पालकांना मागच्या बाकांवर बसवलं होतं. त्या बाकात गुडघे अडकवून मी बसलो. मुलांनी विणलेली चादर खरोखर देखणी होती. मोठी म्हणाल तर आसनाएवढी, पण लाल अशी की नजर ठरू नये. भिंतींवर नकाशे, गणितं, मुलाखती. सुमनच्या अक्षरातली आजीची मुलाखत मी बसल्या जागेवरून ओळखली आणि छाती भरून आली.

तेवढ्यात दिपोटी आले. पांढरी पँट, पांढरा बुशशर्ट. हेडमास्तरांनी आदरानं ती चादर उचलली आणि साहेबांच्या खुर्चीवर अंथरली! साहेब तिच्यावर बसले. हेडमास्तरांनी भरलेला पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला.

माझी छाती रिकामी झाली.

मुलं एकेक करून सांगत होती आणि साहेब ऐकत होते, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती. मला मात्र काही ऐकू येत नव्हतं. मला फक्त पेला दिसत होता. साहेब मान डोलावत, पेला डुलत असे. थेंब काठापर्यंत येई आणि परत जाई. शेवटी साहेबांनी पेला तोंडाकडे नेला, तो जरासा कलला, आणि मी बाकातून गुडघे सोडवून धावलो.

"साहेब, पाणी नको!"

साहेब दचकले. त्यांना वाटलं पाण्यातच काहीतरी आहे. त्यांनी पेला लांब धरला, मी तो नम्रपणे घ्यायला गेलो, त्यांनी नम्रपणे दिला नाही, आणि आमच्या दोघांच्या नम्रतेत तो अख्खा पेला साहेबांच्या मांडीवर रिकामा झाला.

पाणी चादरीत गेलं, आणि चादरीतून लाल होऊन पँटीवर पसरायला लागलं. साहेब उठून उभे राहिले. मागून एक पालक पुटपुटले, "आगागा, रगात!" हेडमास्तर धावत बाहेर गेले, कपडे धुण्याच्या साबणाची वडी घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं साहेबांची मांडी घासायला लागले. जिथं जिथं साबण लागला तिथं तिथं लाल हिरवं झालं. मधे निळसर पट्टे उमटले. साहेबांच्या पँटीवर समुद्र, डोंगर, जंगलं असा भूगोलाचा अख्खा नकाशाच तयार झाला!

साहेब बाईंकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

माझ्या डोळ्यांपुढे विड्यांची पानं नाचायला लागली. मी केलं, मी सांगतो, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बाई माझ्या आधी बोलल्या. त्यांचा आवाज जराही हलला नाही.

"सुमन, साहेबांना सांग."

सुमन उठली. खिडकीजवळच्या टेबलावरून अर्धं लिंबू घेतलं आणि साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "साहेब, हलू नका." असं म्हणून तिनं ते सरळ साहेबांच्या गुडघ्यावर पिळलं.

हिरवं होतं तिथं पुन्हा लाल झालं.

"आंबट लावलं की लाल होतं," ती म्हणाली, "साबण नाहीतर सोडा लावला की हिरवं. पुन्हा आंबट लावा, पुन्हा लाल. टेबलावर आम्ही करून ठेवलंय." तेव्हा माझं लक्ष टेबलाकडे गेलं. सुताचे तुकडे ओळीनं मांडले होते, हिरवे, निळे, जांभळे, लाल. आणि पहिला तुकडा आमच्या बादलीत पडलेल्या त्या लडीचा! तिनं तो दुसऱ्याच दिवशी बाईंना दाखवला होता, आणि मी फाटकावरून परत फिरत होतो तेव्हा आत अख्खा वर्ग माझ्याच चुकीचा अभ्यास करत होता.

साहेबांनी लिंबू तिच्या हातातून मागून घेतलं. स्वतः पिळून बघितलं. मग हेडमास्तरांकडून साबण घेतला. पुन्हा लिंबू. त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती आता हलायला लागली होती.

"मग हा रंग पक्का कसा करायचा?" त्यांनी विचारलं.

"होत नाही, साहेब. मीठ घालून बघितलं, तुरटी घालून बघितलं. धुतला की जातोच. माझे बाबा म्हणाले होते पक्का आहे. म्हणून तर आम्ही तपासलं."

"बाबा कोण?"

"ज्यांनी पाणी सांडलं ते."

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गाचे गुरुजी डोकावून गेले. साहेबही हसले. मी मधोमध उभा. माझी पोरगी, जिच्या तोंडून कविता फुटत नव्हती, ती दिपोटींना हलू नका म्हणाली होती. आणि मला शरमेनं मरावं की अभिमानानं हे कळेना. हातांना काहीतरी काम हवं म्हणून मी खुर्चीवरची ओली चादर उचलली आणि सवयीनं घडी घातली. टोकाला टोक, काठाला काठ.

साहेबांनी घडीकडे बघितलं. "रंगाचं जाऊ द्या. घडी झकास घातलीत."

"तेवढंच येतं, साहेब," मी म्हणालो. आणि पोटातला गोळा कुठे गेला कळलंच नाही.

जाताना साहेब दारात थांबून हेडमास्तरांना म्हणाले, "वर्ग असाच चालू द्या." मग एक मोठी फाइल पँटीपुढे धरून ते जीपकडे गेले.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "चौथी शिकून येवढा घोळ घातलासा. धा शिकला असता तर सोलापूरच बुडवलं असतं की," म्हणाली. पण विड्या वळायचं सूप तिनं उचलून फळीवर ठेवलं, आमसुलांच्या रिकाम्या जागेवर. आणि सुमनला पाट दिला तो माझ्याशेजारी, दिव्याच्या बाजूला. सातवी सुमननं बघता बघता काढली. आता दहावीत आहे. मंद्रूपच्या बाजारात कुणी भेटलं की बायको 'दिपोटीला हलू नका म्हणाली' ही गोष्ट पहिल्यापासून सांगते. त्यात पाणी सांडणारा कोण होता ते दर वेळी खुलवून सांगते.

बिराजदारबाई दर वर्षी नव्या सातवीला लिंबू आणि सोडा देऊन तोच प्रयोग करायला लावतात. मुलं त्याला 'सुमनच्या बाबांचा प्रयोग' म्हणतात. चौथीत शाळा सोडलेला माणूस सातवीच्या अभ्यासात शिरला, असं आमच्या घराण्यात आजवर घडलेलं नाही.

बाई, तुमचे उपकार मी एक दिवस फेडीन. सुमन तिच्या पहिल्या पगारातून तुमच्यासाठी सोलापूरची चांगली लाल चादर घेईल, आणि ती घेऊन मी स्वतः फाटकातून आत येईन. घडी माझ्या हातची असेल. रंगाला मी हात लावलेला नसेल, हा शब्द!