टोपी काढली की थांबायचं

ब्रिज हा साहेबांचा खेळ, असं लोक म्हणतात. म्हणू देत. मी चौथीतून शाळा सोडली, तरी मला हा खेळ येतो. आमच्या साखर कारखान्यातल्या केमिस्ट साहेबांना चौथा गडी मिळत नव्हता, म्हणून नव्वदच्या आसपास त्यांनी मला बसवलं. पुढं त्यांची नोकरी दुसरीकडं लागली, ते गेले. पत्ते आमच्याकडं राहिले. मग आम्ही चौघं खेळायचो. स्टोअरवाले आणि बॉयलरवाले एका बाजूला. दुसऱ्या बाजूला मी आणि अंथुर्ण्याचे आबा. आबा क्रेन चालवायचे.

आमच्या बावडा गावात मेंढीकोट खेळताना माणसं कान खाजवतात, खोकतात, भागीदाराला इशारा करतात. ब्रिजमध्ये ते चालत नाही. तिथं फक्त बोली, म्हणजे कुठला हुकूम करून किती हात घेऊ ते. आणि कुठल्या बोलीचा अर्थ काय, ते भागीदारांनी आधी ठरवायचं. विरुद्ध बाजूनं विचारलं तर त्यांनाही सांगायचं. मला ते आवडलं. उघड कारभार.

आता आबांनी ‘एक नोट्रम’, म्हणजे बिनहुकमाचा डाव, म्हटलं आणि मी ‘दोन किल्वर’, तर माझ्या हातात किल्वर असेलच असं नाही. तो माझा प्रश्न आहे. बदामाची किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? असतील तर आबांनी तो रंग बोलायचा, नसतील तर ‘दोन चौकट’ म्हणायचं. गप्प मात्र बसायचं नाही. हे आम्ही इतकं घोटलं होतं, की आबा उत्तर झोपेतही देतील.

एका वर्षी पावसाळ्यात, कारखाना बंद असताना, कॅन्टीनमध्ये दुपारचे बसलो होतो. आबा म्हणाले, “एक नोट्रम.” मी म्हटलं, “दोन किल्वर.” आबा म्हणाले, “पास.”

डाव मला किल्वर हुकमावर खेळावा लागला. माझ्याकडं किल्वरची एकटी दुर्री होती. आबांनी पानं खाली मांडली, त्यात बदामाची चार, राजा-राणीसकट.

“आबा, दोन किल्वर म्हंजी काय?”

“किल्वर. आनि काय आसतंय?”

स्टोअरवाले हसले. “तात्या, भागीदार बदला आता.”

आदल्या दिवशी आमचं दोघांचं भांडण झालं होतं; मला वाटलं, आबा त्याचा राग काढतायत. मी चिडून म्हणालो, “आपलं ठरलं न्हवतं व्हय?”

आबांनी माझ्याकडं पाहिलं. थट्टा नव्हती त्या डोळ्यांत. हळूच म्हणाले, “कवा ठरवलं आपुन?”

माझ्या अंगावर काटा आला. तो पत्त्यांसाठी नव्हता.

क्रेनखाली खुणा करायला मीच उभा असायचो. आबा उसाचा गठ्ठा ट्रकमधून उचलून गव्हाणीत, म्हणजे चरकाकडं जाणाऱ्या पट्ट्यावर, सोडायचे. आवाज इतका, की बोललेलं ऐकू येत नाही. मूठ म्हणजे थांबा, पालथा हात म्हणजे खाली घ्या, या खुणा सगळ्यांच्या. पण धुरळ्यात वरून मूठ नीट दिसत नाही, पांढरी टोपी दिसते. म्हणून एक खूण आम्ही दोघांनी ठरवली होती. मी टोपी काढली की खाली माणूस आहे, क्रेनचा आकडा जागच्या जागी थांबवायचा. बहुतेक वेळा तो माणूस मीच असायचो.

दसरा जवळ येत होता, त्यानंतर हंगाम सुरू व्हायचा होता. मी इंजिनिअर साहेबांकडं गेलो. “आबांच्या क्रेनखाली मी हुबा ऱ्हानार न्हाय.”

“का?”

“त्यास्नी दोन किल्वर आठवत न्हाय.”

साहेब खुर्चीत मागं रेलून हसले. संध्याकाळपर्यंत गोष्ट सगळ्या कारखान्यात झाली. आबा वाटेत आडवे आले. “पत्त्याचा राग क्रेनवर काढता व्हय, तात्या? माझी भाकरी हाय ती.” मी माझा हट्ट सोडला नाही, आणि त्यांच्याशी नजरही भिडवली नाही.

क्रेनच्या चाचणीला मी साहेबांना बोलावलं. टोपीचा अर्थ सांगितला आणि म्हटलं, “नुसतं बगा.” आकडा उतरायच्या जागी माझा जेवणाचा डबा ठेवला, बाजूला झालो. आकडा खाली येऊ लागला. मी टोपी काढली.

आकडा येतच राहिला.

मी टोपी डोक्यावर उंच धरली. वर काचेत आबांचं तोंड दिसत होतं, माझ्याकडंच बघत होतं. मग पत्रा चेपल्याचा आवाज आला. डबा भाकरीसकट चपटा झाला. साहेब हसले नाहीत.

आबा खाली उतरले. मी विचारलं, “टोपी काढल्याली दिसली न्हाय?”

“दिसली की. म्हनलं, घाम आला आसंल.”

हंगामाला क्रेनवर दुसरा माणूस चढला. आबा घरी बसले. वर्षभर त्यांनी मला दारात उभं केलं नाही. मग एक दिवस त्यांच्याकडूनच निरोप आला, पत्ते घेऊन या. आम्ही तिघं अंथुर्ण्याला गेलो. बसण्याआधी मी स्टोअरवाल्यांना आणि बॉयलरवाल्यांना बजावलं, ठरवलेलं काही नाही, हातात असेल तेच बोलायचं. दोघांनी मान डोलवली.

आबांनी पानं नीट लावली. बराच वेळ बघत बसले. बोली त्यांची होती. मग पानांवरून डोळे उचलून मला म्हणाले, “तात्या, तुमीच सांगा. म्या काय म्हनू?”

भागीदारानं असं सांगायचं नसतं. जन्मात मी सांगितलं नव्हतं. मी विरुद्ध बाजूच्या दोघांकडं पाहिलं. ते आपापल्या पानांत बघत राहिले.

“एक बदाम म्हना, आबा,” मी म्हणालो.

“एक बदाम,” आबा म्हणाले, आणि पुन्हा माझ्याकडं बघू लागले.