नदी नसलेल्या गावाची ओटी

घराला कुलूप लावलं तेव्हा शेजारचा दत्तू जवळ उभा होता. किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "आता परत कधी?" मी म्हणालो, "हिचं एक काम राहिलंय. ते झालं की आलो." रडारड झाली नाही. रडायचं होतं ते तेराव्यापर्यंत उरकलं होतं. गाडीत बसताना मागं वळून बघितलं नाही. दारात बघण्यासारखं कुणी उरलं नव्हतं.

पिशवीत दोन धोतरं, बीपीच्या गोळ्या आणि एक हिरवा खण. हौसाच्या, म्हणजे आमच्या मंडळींच्या, ट्रंकेतून काढलेला.

तुम्ही काही जण गावाकडं राहिलात, आणि काही जण माझ्यासारखे म्हातारपणी पोरांच्या मागं परमुलखात आलात. दोघांनाही सांगतो.

आमच्या घरात रीत होती. माणूस नव्या गावाला राहायला गेलं की घरातल्या बाईनं त्या गावच्या नदीची ओटी भरायची. खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू. माझं माणूस तुझ्या काठाला आलंय, असं नदीला कळवायचं. हौसा लग्न होऊन आली तेव्हा तिनं कृष्णामाईची भरली. आमचा पोरगा संतोष शिकायला सांगलीला गेला, तिथं जाऊन भरली. पुण्याला नोकरी लागली, तिथल्या नदीला वास येत होता, तरी नाकाला पदर लावून भरली. मग पोरगा कतारला आला. नात झाली तेव्हा आम्ही दोघं पहिल्यांदा दोह्याला आलो. विमानतळावरून घरी येतानाच हिनं विचारलं, "तुमची नदी कुठाय?"

संतोष हसला. म्हणाला, "आई, ह्या अख्ख्या देशात नदी नाही."

हिला वाटलं थट्टा करतोय. मग पाणी कुठलं पिता, म्हणून विचारलं. समुद्राचं गोड करून, म्हणाला. संध्याकाळी समुद्रावर घेऊन गेला, म्हणाला याची भर ओटी, हे काय कमी पाणी आहे का. हिनं चूळ भरून बघितली आणि थुंकली. "खाऱ्याची ओटी भरायची आमच्यात रीत न्हाई," म्हणाली. खण होता तसा परत आणला. त्यावरून हिला मरेपर्यंत घोर. पोरगं नदी नसलेल्या गावात राहतंय, त्याच्यावर कुणाचं लक्ष नाही. शेवटी दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तेव्हा मला जवळ बोलावून सांगितलं ते हेच. "खण तेवढा राहिला बघा."

आता मी दोह्यातच, अल नस्र भागातल्या फ्लॅटमध्ये असतो. संतोष गॅसच्या कंपनीत, सून रीना दवाखान्यात नर्स, नात तिया शाळेत. मी आणि एसी घरात. एसी दिवसभर बोलतो, मी बोलत नाही. मी आयुष्यभर पाटकरी होतो. कालव्याची दारं सोडायची, पाळीप्रमाणं पाणी द्यायचं, आणि रोज शिव्या खायच्या. माणसं कोयता घेऊन अंगावर यायची. ते बरं होतं म्हणावं अशी इथली दुपार असते. पाणी निळ्या बाटलीतून येतं. खाली मलबारी पोराच्या हॉटेलात चहा पितो. तो विचारतो, "बाबा, ठीक?" मी म्हणतो, "ठीक." खलास. तियाशी मराठी बोललो की तिला सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. मग ते मला कळत नाही.

उन्हाळ्यात इथं माणूस भाजतो. शाळांना सुट्टी लागली तशी संतोषनं आल्प्सच्या डोंगरात जायचं काढलं. मी नको म्हणत होतो. तिथं जंगलात मोठा धबधबा आहे, गोड्या पाण्याचा, असं तो सहज बोलला. गावची नदी नाही तर नाही, निदान गोडं पाणी तरी, म्हणून मी खण पिशवीत घातला. मनात ठरवलं, हे झालं की तिथून आल्यावर गावाचं तिकीट काढायला सांगायचं. काम संपलं.

अडचण एकच होती. ओटी बाप्यानं भरायची नसते. सवाष्ण पाहिजे. घरात सवाष्ण एकच, रीना. आणि ती वसईची, ख्रिश्चन. तिच्या गळ्यात क्रूस असतो. हौसाचं आणि तिचं चांगलं जमायचं, रोज फोनवर मासे आणि लोणची चालायची. पण मी तिला हे कसं सांगणार? दुसऱ्याच्या देवावर आपला देव लादणं मला पटत नाही. विमानात गप्प बसलो. हॉटेलात गप्प बसलो.

धबधब्याची वाट जंगलातून चढाची. सरळसोट काळी झाडं, खाली ओला पाला. गुडघे बोलायला लागले. आवाज आधी आला, कालव्याचं दार एकदम उघडावं तसा. मग दिसला. पांढरं पाणी कड्यावरून नुसतं पडत होतं. कुणी मागत नव्हतं, कुणी भांडत नव्हतं. मला राग आला. एवढं गोडं पाणी, आणि बघायला ही नाही. मी दगडावर बसलो.

गंमत म्हणजे निम्मा दोहा तिथंच. काळ्या बुरख्यातल्या अरब बायका तुषारांत भिजून पोरींसारख्या हसत होत्या.

मी पिशवीतून खण काढला आणि मांडीवर ठेवून बसलो. पुढं काय करायचं कळेना. संतोषनं बघितलं. म्हणाला, "बाबा, इथं पाण्यात काही टाकायचं नसतं. दंड करतात."

"टाकणार नाही. ओटी भरायची आहे. फरक कळत नसेल तर गप उभा राहा."

रीना पुढं आली आणि खण माझ्या मांडीवरून उचलला. म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही खण दोह्यालाच विसरलात. मीच विचारणार होते, पण मी हात लावलेला तुम्हाला चालेल का, कळेना."

"मला वाटलं, तुलाच चालणार नाही."

"आमच्याकडे लग्नात वाजतगाजत विहिरीवर जाऊन पाणी आणतात, बाबा. मला काय नवीन आहे? आईंनी फोनवर सगळं शिकवलंय."

तिनं पर्समधून पुडी काढली. तांदूळ, हळदीकुंकू, सुपारी. नारळ नसला तर सुपारी चालते, हेही रीनाला ठाऊक. डोक्यावर ओढणी घेतली, काठावरच्या दगडाला हळदीकुंकू लावलं, खणावर तांदूळ-सुपारी ठेवून दोन्ही हातांनी दगडावर मांडला. तिया तिच्याजवळ बसली, आईचं बघून तिनंही हात जोडले. मी वर उभा राहून दोघींच्या चपला सांभाळल्या. कृष्णेवरही माझं काम तेवढंच असायचं. रीना काहीतरी पुटपुटली. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. हौसा नदीला काय म्हणायची, तेही मला कधी ऐकू आलं नव्हतं.

मग तिनं ओला खण उचलून घडी घातली. काही पाण्यात सोडलं नाही. दगडावरचं कुंकू तुषारांनीच धुऊन नेलं.

उतारावर रीनानं माझा दंड धरला होता. मी विचारलं, "संतोषसाठीच मागितलंस ना? हिला त्याचाच घोर होता."

"तो मोठा झालाय," ती म्हणाली. "मी सांगितलं, आमच्याकडे एक म्हातारा नवा राहायला आलाय. भांडकुदळ आहे. त्याच्यावर लक्ष ठेव."

मी पायाखाली बघत उतरत राहिलो. चढ उतरताना बोलू नये, दम लागतो.

दोह्याला आल्यावर खण बाल्कनीत वाळत घातला. इथल्या उन्हात लगेच वाळला. ओटीचा खण प्रसाद असतो, रीनानं तो अल मुंतझामधल्या टेलरकडं ब्लाउज शिवायला टाकलाय. नाताळात घालणार म्हणते. हौसाला हसू आलं असतं. मला अजून येत नाही.

घर कुठलं, म्हणून विचाराल तर मला नीट सांगता यायचं नाही. चार भिंती गावाला आहेत. ती कुठंच नाही. इथं नदी नाही. पण माझं नाव कुणीतरी पाण्याच्या कानावर घातलंय, एवढं झालंय.

परवा दत्तूचा फोन आला. म्हणाला, झालं का वहिनींचं काम? मी झालं म्हणालो. मग येतोस कधी, म्हणाला.

मी म्हणालो, "कुलपाला तेवढं तेल घालत जा."