आठ हंड्यांमधली एक

मामाची आंब्याची पाच झाडं माझ्यामुळे तुटली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगणं सोपं जाईल.

तेव्हा आमच्याकडे निजामाचं राज्य होतं. मी औरंगाबादच्या शाळेत शिकून, उर्दू लिहिता-वाचता येतं या तोऱ्यात मामाकडे राहायला आलो होतो. मामाचं गाव लासूर स्टेशन आणि खुलताबाद यांच्या मधलं. गावामागं सरकारी तलाव होता, आणि त्यात बंगालकडचे मासे वाढवायची कल्पना माझी. एका सरकारी पत्रकात वाचलेली. मी मामाच्या इतका हात धुऊन मागे लागलो, की शेवटी त्यानं खुलताबादच्या चाचांना भागीदार घेऊन तलावाचा ठेका घेतला. चाचा फळांचे व्यापारी. मामाचा आंबा दरवर्षी तेच उचलायचे. ठेक्याची अट एकच होती: त्याच पावसाळ्यात तलावात माशांचं बी पडलं पाहिजे, नाहीतर तलाव दुसऱ्याला जाणार. ते बी विकत घ्यायला मामानं झाडं लाकडासाठी दिली. मामीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. माझ्याशी तर ती आठ दिवस बोलली नाही. तिला यातलं काय कळतंय, असं मी मनात म्हणालो. मनात कशाला, तोंडावरही म्हणालो असेन.

माशांचं बी म्हणजे बोटाच्या पेराएवढी जिवंत पिल्लं. ती मातीच्या हंड्यांतून येत. पाणी हातानं सारखं हलवत राहावं लागे. हात थांबला की पिल्लं गुदमरत. बंगालहून आलेल्या आठ हंड्या चाचांनी मनमाडला उतरवून घेतल्या. तिथं पुढची गाडी चुकली, म्हणून एक अख्खा दिवस फलाटावर या हंडीतून त्या हंडीत हात घालत बसले. लासूरला मी मामाबरोबर बैलगाडी घेऊन गेलो तेव्हा त्यांची बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. तरी गाडीत ते हंड्यांमध्येच बसले.

श्रावण होता, पण ढग हटून ऊन चांगलंच चटकत होतं. पिल्लं वर येऊन तोंडं उघडमीट करू लागली. मी बैलांवर ओरडत होतो, मामावर ओरडत होतो. वाटेत मामाच्या शेतातले पाच बुंधे दिसले आणि मी आणखीच ओरडू लागलो. हे बी मेलं तर झाडंही गेली आणि तलावही गेला.

तलावावर पोचलो. मामा बैल सोडून त्यांना सावलीला घेऊन गेला. चाचा वजूला, नमाजाआधी हातपाय धुवायला उठले. "मियाँ, पानी हिलातेच रहना. नमाज पढके आता मैं. मेरे बगैर कुछ नक्को करो."

मामी भरावावर येऊन उभी होती. श्रावण पाळणारी, घरात माशाचं नाव काढू न देणारी बाई. तिनं खाली बसून हंडीत कोपर बुडवलं, मग तलावात बुडवलं. तान्ह्याच्या अंघोळीचं पाणी बघतात तसं.

"हे कोमट हाय, अन् ते गार हाय," ती म्हणाली. "लेकराला कुणी असं एकदम गार पाण्यात घालतं का रं? जरा थांब."

"मासे हायेत ते मामी, लेकरं नाय!" मी खेकसलो आणि पहिली हंडी तलावात उलटी केली.

क्षणभर पिल्लं इकडेतिकडे पळाली. मग एकेक पिल्लू आडवं झालं, आणि बघता बघता काठचं पाणी त्यांच्या पोटांनी पांढरं दिसू लागलं. मामीनं मला बाजूला सारलं. उरलेल्या सात हंड्या तिनं एकेक करून उथळ पाण्यात बसवल्या, आणि ओंजळीनं तलावाचं पाणी हळूहळू त्यांत घालत राहिली. ज्यांना ती कधी शिवली नसती, त्या माशांत तिचे हात होते.

चाचा परतले. तरंगणारी पिल्लं पाहून जागीच थांबले. "ये क्या हुआ?"

"गाडीतच मेली व्हती चाचा," मी म्हणालो. "आम्ही नुसती ओतली."

मामीनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा ओंजळीनं पाणी घालू लागली. एवढ्यात मामा आला. चाचा आपल्या सुरकुतलेल्या बोटांकडे बघत त्याला म्हणाले, "माफ करो पाटील. फलाटपर जरा आँख लगी थी मेरी. मेरे हातसेच गयी."

मामानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथंच उभा होतो.

सात हंड्यांतले मासे जगले, मोठे झाले, ठेका टिकला. पुढं दरवर्षी चाचा स्वतः मनमाडला जात. हंड्या तलावात उतरेपर्यंत पाण्याचा घोटही घेत नसत. कुणी आग्रह केला, की म्हणत, "नक्को जी. एक हंडी गयी है मेरे हातसे." दर वेळी मला वाटे, आता सांगावं. दर वेळी मी हंडी उतरवायला वळे.

चाचा गेले. खुलताबादला त्यांना माती देऊन आलो आणि सरळ मामीपुढं जाऊन बसलो. हंडी मी मारली होती, असं पहिल्यांदा तोंडानं बोललो. ती तांदूळ निवडत होती.

"मला काय सांगतूस?" ती म्हणाली. "मी तिथंच व्हते की. त्यास्नी सांगायचं व्हतं."