मावसाजींचं नाक

नाकाच्या भरवशावर संसार आणि दुकान दोन्ही चालवणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आमचे मावसाजी. म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. अकोल्याला त्यांचं तेलाचं दुकान आहे. शेंगदाण्याचं, करडीचं, जवसाचं. डबा आला की थेंबभर तेल तळहातावर घ्यायचं, दुसऱ्या तळव्याने ते कोमट होईस्तोवर घासायचं आणि डोळे मिटून हुंगायचं. मग समोर व्यापारी कितीही मोठा असो, "उतरव" किंवा "घेऊन जा" एवढंच बोलायचं. एका व्यापाऱ्याने तेल तपासल्याचा शिक्क्याचा कागद पुढे केला, तर मावसाजींनी तो कागदही हुंगून परत दिला. एकदा दर्यापूरच्या काळीपिवळी जीपमध्ये शेजारच्या अनोळखी बाईला ते म्हणाले, "बाई, डब्यातली भाजी आंबली तुमची, लेकरायले देऊ नका." बाई चांगलीच चिडली. मग तिने हळूच डबा उघडून पाहिला आणि अकोला येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी तर विचारूच नका. मावशी आत चुलीशी, हे बाहेर खाटेवर, आणि तिथून हुकूम सुटायचे. "मोहरी तडतडू दिली नाही तुनं." "हिंग शिळा झाला, फेकून दे." एकदा तर वरणाला उकळी फुटायच्या आत त्यात मीठ नाही हे त्यांनी बाहेरून सांगितलं. मिठाला वास नसतो असं मी म्हटलं, तर म्हणाले, "मिठाले नसते, पण बिनमिठाच्या वरणाले असते." मावशी आतून एकच उत्तर द्यायची, "मंग नाकानंच जेवा." लहानपणी मला वाटायचं, नवराबायको एकमेकांवर माया करतात ती अशीच. मोठी झाल्यावर कळलं की त्या घरात तरी ती अशीच होती.

मग ती तापाची साथ आली. दोघंही बिमार पडले, दोघंही बरे झाले, आणि मावसाजी एकाएकी गोड बोलायला लागले. ताटात काहीही पडो, "मस्त झालं." शेजारणी मावशीला म्हणाल्या, चला, उतारवयात का होईना माणूस सुधारला. मावशीचा मला अमरावतीला फोन आला.

"तुया मावसाजीले काहीतरी झालं. नावं ठेवत नाही आता."

मी हसले.

"हसू नको पोरी. लगन झालं तईपासून या माणसानं माया वरणाले चांगलं म्हणलं नाही. आता रोज म्हणते. मी मनातून उतरली का काय त्याइच्या? मले भेव वाटून राहिलं."

शेवटी तिने स्वतःच परीक्षा घेतली. दुकानातल्या मागच्या कोपऱ्यातलं, खवट झालेलं जवसाचं तेल आणलं आणि चटणीवर सढळ हाताने घातलं. उभा जन्म तेलात काढलेल्या माणसाने ती चटणी भाकरीशी मिटक्या मारत खाल्ली आणि आणखी मागितली. मावशी तिथेच रडायला लागली. तेव्हा कुठे मावसाजींनी सांगितलं की ताप उतरल्यापासून त्यांना कशाचाच वास येत नाही. दुकानातही ते तळहात घासून हुंगण्याचं नुसतं सोंग करत होते आणि तिरक्या डोळ्याने व्यापाऱ्याचं तोंड पाहत होते. तो घाबरलेला दिसला की डबा परत.

मी फार्मसी कॉलेजात शिकवते, त्यामुळे माझ्या पर्समध्ये सगळी औषधं असतात असा घरच्यांचा समज आहे. मी गेले आणि त्यांना समजावून सांगितलं. नाकाच्या आत, वरच्या बाजूला पेशी असतात. त्यांच्यावर वास धरणारी शेकडो तऱ्हेची ग्राहकं, म्हणजे रिसेप्टर, असतात. लवंगेचा वास त्यातल्या काहींना जागं करतो, हिंगाचा दुसऱ्यांना. नेमकं कोणतं ग्राहक कशाने जागं होतं हे कळलं, तर तिथेच काम करणारं औषध करता येईल, असं शास्त्रज्ञांना वाटतं. पण प्रयोगशाळेत ही ग्राहकं दुसऱ्या पेशींमध्ये बसवायला गेलं की धड बसत नाहीत, त्यामुळे अभ्यास फार सावकाश चालतो.

मावसाजींनी सगळं मन लावून ऐकलं. "म्हणजे सासरी नांदत नाही म्हण ना."

"तसंच काहीतरी."

"नांदतीन. टाइम लागते," ते म्हणाले, आणि मावशीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी तूर्त रोज हुंगण्याचा सराव सांगितला होता. मावशीने लवंग, लिंबाची साल, हिंग आणि गुलाबाचं अत्तर चार डब्यांत भरून ठेवलं. सकाळी मावसाजींच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा आणि एकेक डबी नाकाखाली धरायची. सराव छान चालला आहे, चारातले तीन तरी ओळखतात, असं मावशी फोनवर सांगायची. मला खरंच फार आनंद झाला होता.

परवा मी सकाळच्याच गाडीने गेले. दारातच हिंगाचा भपकारा आला. मावशी डबी धरून बसली होती.

"लवंग," मावसाजी म्हणाले. "हलकीशी येऊन राहिली."

"बराबर," मावशी म्हणाली, आणि मला पाहून तिने डबीवर घाईने झाकण लावलं.

 निघताना मावसाजी कोपऱ्यापर्यंत पोचवायला आले.

"तुयी मावशी खोटं बोलते, मले मालूम आहे," ते म्हणाले. "पयल्या दिवशी मी काहीच येत नाही म्हणलं, तं जेवली नाही ती. तईपासून मी काही ना काही सांगतो, आन ती बराबर म्हणते. तिले सांगू नको."

मी मान डोलावली.

"तुमचं ते औषध कवा निघन?"

"अजून वेळ आहे, मावसाजी."

"असू दे. पण निघालं का पयले मले आणून दे." त्यांनी ऑटोला हात केला. "वरण बिघडवून राहिली ती आजकाल. मी बोलत नाही म्हणून चवच घेत नाही. कोनं तं सांगाले पायजे तिले."

ऑटो वळला तरी ते तिथेच उभे होते. वरण मीही त्या दुपारी जेवले होते. ते नेहमीसारखंच झालं होतं.