वीतभर उंबरठा

सलीम, माझा मुलगा, गावी घर बांधतोय. काल सुतारासमोर त्याने विचारलं, "अम्मा, उंबरठा केवढा ठेवायचा?" ताज्या सागवानाचा वास आला आणि मला बहरीनमधलं, मुहर्रकचं ते घर आठवलं.

नव्वदच्या दशकात मी तिथे आया होते. मोत्यांच्या व्यापाऱ्याचं जुनं घर, जाड भिंती, छतावर वारा खाली ओढणारा मनोरा, मधोमध अंगण. तेव्हा तिथे म्हाताऱ्यांना सांभाळत. प्रत्येक दाराला वीतभर उंच सागवानी उंबरठा होता. त्यापायी चाकांच्या खुर्चीतली मरियम, एक अरब म्हातारी, कित्येक महिने अंगणात गेली नव्हती.

उंबरठा कापायचं विचारलं, तर तिथले साहेब म्हणाले, "जुनं नक्षीकाम आहे, कापायचं नाही."

"मग बाईला कापू?" मी विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी उंबरठ्याच्या दोन्ही बाजूंना फळ्या टेकवल्या आणि आम्ही कोकणात होडी ओढताना चोपडतो तसं त्यांना तेल चोपडलं. चाकांना तेलाची गरज नसते, हे डोक्यातच आलं नाही. जोर लावून खुर्ची वर चढवली. पलीकडे ती जी सुसाट सुटली, ती खजुराच्या झाडालाच अडली. नोकरी गेली, असं समजूनच मी धावले.

मरियम डोक्यावरचा कपडा सावरत म्हणाली, "यल्ला, चल, पुन्हा!"

मी फळ्या पुसल्या आणि तिला रोज बाहेर नेलं.

तेव्हा वाटायचं, मी तिच्यावर उपकार करतेय. आता माझेच गुडघे पाय उचलू देत नाहीत. सुताराला सांगितलं, "उंबरठा नको."

सलीम म्हणाला, "बिनउंबरठ्याचं घर? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. मला बाहेर जायचंय."