ईश्वरअप्पाचा हात आणि बिजलीची पेटी

माझा धाकटा भाऊ ईश्वरअप्पा सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापूस तोलायला होता. निजामाच्या राज्यातली गोष्ट, साल एकोणीसशे एक्केचाळीस असेल. माणूस सरळ, पण भित्रा. लहानपणी मांजर आडवं गेलं तरी घरी परत यायचा आणि मी दोन धपाटे घालून त्याला पुन्हा पाठवायची. त्या उन्हाळ्यात जिनिंगमधल्या कापसाला आग लागली. कुणाला काही झालं नाही, कापूस तेवढा जळाला. पण ईश्वरची छाती त्या दिवसापासून जी धडधडायला लागली, ती थांबेचना.

पायाला भिंगरी लागल्यासारखा घरभर फिरायचा. चूल विझली का, पुन्हा पुन्हा पाहायचा. बसला की उठायचा, उठला की कशाला उठलो ते विसरायचा. हात तर सारखे कापत.

आम्ही लिंगायत. गळ्यातलं इष्टलिंग सकाळी डाव्या तळहातावर घ्यायचं, एकटक पाहत पूजा करायची, मगच अन्नाला हात लावायचा. पूजा नाही तर घास नाही. एके दिवशी पूजेत ईश्वरचा हात थरथरला आणि लिंग खाली पडलं. आमच्यात याहून अवघड गोष्ट नाही. लिंग गेलं की प्राण गेला, असं ऐकतच वाढलो आम्ही. टवकासुद्धा उडाला नव्हता. मठाच्या स्वामींनी येऊन शुद्धी केली, काही होत नाही म्हणाले. पण याच्या मनात बसलं ते बसलं. तेव्हापासून लिंग तळहातावर ठेवायचा आणि हात जरा हलला की झटकन उजव्या हाताने उचलून छातीशी धरायचा. पुन्हा ठेवायचा, पुन्हा उचलायचा. यातच दुपार व्हायची, कधी दिवस मावळायचा, आणि पूजा झाली नाही म्हणून हा उपाशी. महिन्याभरात खांद्याची हाडं वर आली.

मी दोन गल्ल्या ओलांडून रोज जायची आणि बोलून यायची.

"आरं, पाटावर ठिव अन् कर पूजा. देव काय तुजा हात मोजायलाय का?"

"तसं चालत न्हाई, अक्का."

असंच चाललं तर पोळ्यापर्यंत टिकत नाही हा, असं मला वाटायला लागलं. फार भीती वाटायची. भीती वाटली की मी भांडते, तशी भांडत होते.

त्याच सुमारास सेलूच्या बाजारात बन्सीधर नावाचा हैदराबादकडचा माणूस बिजलीची पेटी घेऊन आला. पेटीत लोहचुंबक, बाहेर दांडा. दांडा फिरवला की दोन तारांच्या टोकांना लावलेल्या पितळी मुठींतून बिजली माणसाच्या अंगात जायची. धडधड, घबराट, झोप न येणं, लकवा, साऱ्यावर हाच इलाज. मला तो माणूस बघताक्षणी आवडला नाही. मिशीला तेल, तोंडात साखर. पण बुडत्याला काडीचा आधार, म्हणून ईश्वरची बायको गंगम्मा त्याला सकाळीच घरी घेऊन आली. मी तिथेच होते.

"गले की चांदी निकालके रखो, सेठ," तो म्हणाला.

झालं! लिंग गळ्यात ज्या डबीत असायचं, ती चांदीची. ईश्वर पाठ भिंतीला लावून उभा राहिला. "लिंग अंगावरून काढणार न्हाई. अन् अंगावर ठिवलं तर देवाला झटका बसंल."

गंगम्मा कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "अवं, तुमच्या छातीची धडधड देव रातंध्याय ऐकायलाय. त्याला कट्टाळा आला आसंल. डबी काढा, लिंग फडक्यात बांधून गळ्यात घाला."

डबी निघाली. दोन्ही मुठी हातात धरून ईश्वर बसला, बन्सीधरने दांडा फिरवला आणि त्याच्या मुठी गच्च आवळल्या गेल्या. हात दगडासारखे स्थिर. ईश्वर डोळे फाडून त्यांच्याकडे बघतच राहिला.

"थांबला! अक्का, हात थांबला! ही डाव्या हातातली मूठ मनगटाला बांधा. आत्ताच पूजा करतो."

बन्सीधरने कपाळाला हात लावला, पण बांधली. ईश्वरने फडकं सोडून लिंग डाव्या तळहातावर ठेवलं आणि दुसरी मूठ उजव्या हातात धरली. दांडा फिरला तशी डावी बोटं वळली आणि लिंगाभोवती मिटली. आता पडायची भीती नाही, पण दिसतही नाही. न दिसणाऱ्या लिंगाची पूजा कशी करणार?

"बंद करा," तो रडवेला होऊन म्हणाला.

दांडा थांबला. डावी बोटं हळूहळू उघडली आणि लागलाच हात कापायला. सवयीने त्याने उजवा हात पुढे आणायला पाहिला, पण त्या हाताची बोटं पितळी मुठीवर अशी आखडली होती की सुटेनात. गंगम्मा धावली. मी तिचा पदर धरून तिला मागे ओढलं. का ओढलं, ते मला आजही सांगता येत नाही.

लिंग हाताबरोबर थरथरत होतं, डुगडुगत होतं. पडत मात्र नव्हतं. इतक्या दिवसांत त्याने ते एवढा वेळ राहूच दिलं नव्हतं.

ईश्वर बघत राहिला. घाम नाकावरून ओघळत होता. मग ओठ हलायला लागले. उजवी बोटं सुटली, तेव्हा तो हात लिंगाकडे गेला नाही, पूजेच्या भस्माकडे गेला.

बन्सीधर पुढे गावभर सांगत फिरला की इलाज पेटीचा. सांगू दे बापडा. ईश्वरचा हात मरेपर्यंत कापतच राहिला आणि पूजा त्याच कापत्या हातावर होत राहिली.

त्या दिवशी पूजा आटोपली तेव्हा सकाळच होती. गंगम्मानं एकच ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. ईश्वरने भाकरी मोडली, घास उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. तिची गळ्याखाली वर आलेली हाडं, सैल झालेल्या बांगड्या, सगळं एकदम दिसलं असावं त्याला.

"तूबी उपाशीच ऱ्हायलीस की गं, इतके दिवस," तो म्हणाला, आणि पहिला घास त्याने तिच्यापुढे धरला. हात कापत होता, भाकरीचा चुरा खाली सांडत होता. गंगम्मानं वाकून तोंडात घेतला तो.