सासूबाई आणि बदललेला गठ्ठा

माझ्या सासूबाईंनी मला एकदा भर दुकानात चोर म्हटलं होतं.

काल सकाळी त्या गेल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. रोह्याच्या बाजारपेठेत आमचं लहान मुलांच्या रेडीमेड कपड्यांचं दुकान होतं, घर पुलापलीकडे अष्टमी गावात. माल आणायला सासूबाई स्वतः दादरला जायच्या. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हापासून मला सोबत न्यायला लागल्या.

मदतीला नव्हे. त्यांच्या माघारी मी दुकानाच्या फोनजवळ जाऊ नये म्हणून!

त्यांचा कुणावर विश्वासच नव्हता.

होलसेलवाल्याने चहा मागवला की कुजबुजायच्या, "पिऊ नको गो. चहा पाजतोय म्हणजे मालात कायतरी हाय."

फ्रॉकची प्रिंट थुंकी लावून अंगठ्याने घासायच्या. अस्तर उलटं करायच्या. बाहीची शिवण ओढून बघायच्या. गाळ्यावरचा सेठ कपाळाला हात लावायचा.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी आठ सेट फ्रॉक घेतले. एकाच डिझाइनचे सहा साइज म्हणजे एक सेट. सगळी दिवाळी त्या मालावर होती.

गठ्ठा बांधून झाला. मला गाळ्याच्या पायरीवर गठ्ठ्याजवळ बसवलं.

"मी परकर बघून येते. इथून हलायचं नाय."

आणि मी हलले.

माझं माहेर जोह्याला, पेणजवळ. आई महिनाभर आजारी होती. दुकानाच्या फोनला कुलूप, चावी सासूबाईंच्या कमरेला. काढून दिलीच तर शेजारी बसून ऐकायच्या. समोर एसटीडी बूथ दिसला. गाळ्यावरचा माणूस म्हणाला, "जाओ भाभी, मैं देखता हूँ."

माहेरी फोन नव्हता, म्हणून जोह्यातल्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात लावला. तिथून कुणीतरी धावत जाऊन आईला घेऊन आलं. पाच मिनिटांची वीस मिनिटं झाली.

परत आले तर गठ्ठा तिथेच होता. तसाच. तीच सुतळी.

संध्याकाळी रोह्याला दुकानात सासूबाईंनी गठ्ठा सोडला. वरचा सेट आमचा. त्याखाली सगळं विटलेलं. प्रिंट फाकलेली, एका फ्रॉकला तर एकच बाही.

"उठली व्हतीस?"

"नाय."

"वैशाली, खोटं बोलू नको."

"देवाशपथ नाय."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. सेठचं लक्ष नसताना प्रत्येक सेटमधल्या एका फ्रॉकला आतून हिरव्या दोऱ्याचा टाका घालून ठेवला होता. खुणेसाठी. मलाही सांगितलं नव्हतं.

त्यातला एकच टाका परत आला होता.

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्यासमोर म्हणाल्या, "काय दिलान तुला त्याने? चोराला सामील झालीस? तू पण चोरच!"

हे गल्ल्यावर बसले होते. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने मी एकटी निघाले. गठ्ठा घेऊन. पोटात नुसता राग. त्यांचा, सेठचा आणि सगळ्यात जास्त माझा.

सेठ हसला. "घर से बदल के लाई होगी, भाभी."

गादीवर दुसरं एक जोडपं माल बघत होतं. मी चप्पल काढली, गादीवर चढले आणि त्यांच्यासमोरचे फ्रॉक एकेक करून उलटे करायला लागले. सेठ ओरडत होता.

पाचव्या फ्रॉकला हिरवा टाका.

"हे काय आहे? ये क्या है? हमारी सास का टाका है ये!"

माझं हिंदी ऐकून एरवी लोक हसले असते. त्या दिवशी कुणी हसलं नाही. त्या जोडप्यातली बाई उठली आणि नवऱ्याला म्हणाली, "चला इथून."

मग सेठची भाषा बदलली. "गलती से बदली हो गया."

एकेक टाका बघून सातही सेट मोजून घेतले. बस येईपर्यंत फुटपाथवर त्या गठ्ठ्यावरच बसून राहिले. पाणी प्यायलाही उठले नाही.

दुकानात सासूबाईंनी पुन्हा सगळं उलटंपालटं केलं.

"टाके सहाच हायत."

सातवा मी बाहीत दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. नखाने ओढून बघितला. मग माल फळीवर लावायला घेतला.

माफी? छे.

पण पुढच्या खेपेला दादरला म्हणाल्या, "तू माल निवड." आणि गठ्ठ्यावर स्वतः बसल्या. मी निवडलेला माल मग कधी त्यांनी घासून बघितला नाही.

गेल्या महिन्यात त्या अंथरुणाला खिळल्या. एका दुपारी मला राहवलं नाही.

"आई, तेव्हा मी उठले होते. खोटं बोलले मी."

"म्हायत हाय."

"कसं?"

"दुसऱ्या दिवशी तू आंघोळीला गेलीस तवा पर्स तपासली तुझी. बूथवाल्याची चिठ्ठी व्हती. पेणचा नंबर."

म्हणजे मी निघायच्या आधीच त्यांना सगळं ठाऊक होतं!

"मग मला एकटीला जाऊ का दिलंत?"

"बघायचं व्हतं. मुंबैला जातेस का पेणला उतरून म्हायेरी जातेस."

खरं सांगते, पेण स्टँडला मी सीटवरून उठून उभी राहिले होते. हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, डोळा लागला.

मग म्हणाल्या, "बरी व्हती का गो तवा तुझी आई?"

एवढ्या वर्षांनी.

"व्हय," मी म्हटलं. "बरी होती."

आई, शांत झोपा आता.

तुमची वैशाली.